नातवंडांसोबत रोड सायकलिंग : वेग कोणाचा धरायचा?

घाटमाथा | २ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. या विभागात मी बरीच वर्षे येतो, वाचतो आणि काही न लिहिता परत जातो. आज मात्र घरात सुटत नसलेला एक प्रश्न घेऊन धागा काढत आहे.

माझे वय ६८. राहणे पुण्यात, कात्रजच्या बाजूला. नोकरीची सगळी वर्षे मी चोवीस इंची काळ्या सायकलवर काढली. निवृत्त झाल्यावर मुलाने हलकी, वाकड्या हँडलची रोड बाइक घेऊन दिली आणि तेव्हापासून बोपदेव घाट, दिवे घाट आणि खडकवासल्याच्या पुढचा पानशेत रस्ता या माझ्या नेहमीच्या वाटा झाल्या. चार वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी पुन्हा सायकल सुरू केली आणि आता आठवड्याला शंभरेक किलोमीटर होतात.

प्रश्न माझ्या नातीचा आहे. ती ११ वर्षांची असून तिची उंची १४२ सेंटिमीटर आहे. दोन वर्षांपूर्वी तिला कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय पाहायला नेले होते. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए सायकल तिथे आहे. ती पाहून नात म्हणाली, "आजोबा, उडी मारल्यावर चाक पंक्चर झालेले निघाले तर?" त्याच संध्याकाळी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कसे शोधायचे ते मी तिला दाखवले आणि पुढच्या रविवारी ती पहाटे साडेपाचला आपण होऊन उठून बसली. तेव्हापासून आम्ही दोघे दर रविवारी बाहेर पडतो. तिची सायकल २४ इंची चाकांची, सरळ हँडलची आणि गियरची आहे.

गेल्या रविवारी बोपदेव घाटात ती ठरल्याप्रमाणे दुसऱ्या वळणावर थांबली नाही. ती दिसेनाशी होऊ नये म्हणून मी अंगातले सगळे बळ लावून तिच्या मागे चढलो आणि माथ्यावर पोहोचल्यावर मला पाच-सात मिनिटे कठड्यावर बसावे लागले. ती जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही नेहमी माझ्यासाठी मुद्दाम हळू चालवता ना? मग आज का दमलात?" पूर्वी मी खरोखरच मुद्दाम हळू चालवत असे. हे नेमके कधी पालटले, ते माझ्या लक्षातच आले नाही.

आता वाढदिवसाला तिला माझ्यासारखी रोड बाइक हवी आहे आणि तिच्यावरून सिंहगडाचा घाट चढायचा आहे. सूनबाईंचे म्हणणे असे की, चढाला तुम्ही तिच्यामागे धापा टाकणार आणि उताराला ती तुमच्या पुढे सुसाट जाणार. म्हणजे दोघेही एकमेकांच्या भरवशावर आणि प्रत्यक्षात दोघेही एकटेच. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एवढ्या वयात वाकड्या हँडलची सायकल द्यावी का, सिंहगड झेपेल का आणि मुख्य म्हणजे दोघांचा वेग एकमेकांपासून सुटू लागला की सोबत कशी ठेवायची, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे. जाता जाता एक लहानसा प्रश्न: मुलाने दिलेल्या सायकलचा व्हॉल्व बारीक आहे आणि घरातला जुना पंप त्याला लागत नाही. दर वेळी दुकानात जावे लागते.

---

पंचगंगेकाठी | २ नोव्हेंबर, रात्री १०.२५

आमचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे आधी व्हॉल्वचे सांगतो. आपल्या काळ्या सायकलींना रबरी व्हॉल्वट्यूबवाला व्हॉल्व असतो, स्कूटरला जाड श्रेडर असतो आणि रोड बाइकला बारीक, लांब प्रेस्टा असतो. प्रेस्टाच्या टोकावरचा इवलासा नट सैल करून टोक एकदा दाबावे, फुस्स आवाज आला की मगच पंप लावावा. आपला जुना पंप ठेवायचा असेल तर त्यावर बसणारे छोटे पितळी अडॅप्टर मिळते. मात्र बारीक टायरला दाब बराच जास्त लागतो आणि हाताच्या जुन्या पंपाने तेवढा भरताना घाम निघतो, तेव्हा दाबाचा काटा असलेला उभा पंप घेतलेला बरा.

आता नातीच्या सायकलबद्दल. वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवतात तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नये, एवढे एकच मी प्रत्येक आजी-आजोबांना सांगतो आणि दहातले सात जण तरीही मोठीच सायकल घेऊन जातात. १४२ सेंटिमीटर उंचीला ७०० सी चाकांची (हे मोठ्यांच्या रोड बाइकच्या चाकाचे नेहमीचे माप), मोठ्यांची सगळ्यात लहान सायकलसुद्धा लांबच पडते. मूल ती चालवते, नाही असे नाही. पण हात ताणलेले राहतात, मान दुखते आणि ब्रेकपर्यंत बोटे नीट पोहोचत नाहीत. दुकानात तिला सायकलवर बसवण्याआधी दोन्ही पायांवर वरच्या आडव्या नळीच्या दोन बाजूंना उभी करून पाहा. नळी आणि शरीर यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. मग हात वरच्या रबरी मुठींवर ठेवून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबायला सांगा. बऱ्याच लिव्हरना आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येते. हे करूनही बोटे पुरत नसतील तर सायकल कितीही देखणी असली तरी ती घाटासाठी नाही.

तुमच्या बोपदेवच्या प्रसंगाविषयी एक हिशेब. तिच्या २४ इंची सायकलचे वजन १३ किलोच्या आसपास असणार. ती ३३-३५ किलोची असेल तर ती स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त लोखंड वर ओढते आहे. तुमची सायकल तुमच्या वजनाच्या फार तर सातवा-आठवा हिस्सा असेल. एवढे असूनही ती पुढे गेली. तिला हलकी सायकल दिलीत तर काय होईल, याचा विचार पैसे मोजण्याआधी करून ठेवा.

---

उंबरठा | ३ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

मी तुमच्या सूनबाईंच्या जागी आहे, म्हणून लिहिते. माझे वडील माझ्या मुलाला सायकलवर नेतात आणि दोघांचे जमते याचा मला मनापासून आनंद आहे. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांनी त्याला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता, न सांगता महामार्गावर नेले. मागून आलेल्या ट्रकने धक्का दिला नाही, नुसता जवळून गेला. त्या वाऱ्यानेच मुलगा कडेच्या खडीत गेला आणि कोपर सोलवटले. घरी आल्यावर वडील म्हणाले, "काही झाले नाही, आम्ही नाही का पडायचो?" मला राग पडण्याचा आला नव्हता. रस्ता मला न विचारता बदलला गेला, याचा आला होता.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. कोणत्या रस्त्याने जाणार आणि कुठून परत फिरणार, हे आदल्या रात्री ठरते आणि सकाळी मी "आज नको" म्हटले तर कारण विचारले जात नाही. वर्षभरात मी तीनदाच तसे म्हटले आहे. सूनबाईंना नाही म्हणण्याचा हक्क आधी द्या. बाकीच्या चर्चेला त्या स्वतःहून येतील.

---

अस्थिपंजर | ३ नोव्हेंबर, दुपारी २.१५

माझा व्यवसाय हाडांच्या डॉक्टरचा आहे, हृदयाचा नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तरीही कठड्यावर बसावे लागल्याचा उल्लेख मला पुढे वाचू देईना. घाटमाथा, स्टेंट बसलेल्या माणसाला नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर पुढचा घाट चढण्याआधी त्याने आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना ते सांगावे आणि त्यांना योग्य वाटल्यास ताण चाचणी (व्यायाम करवून हृदयाची तपासणी) करून घ्यावी. ते "नात पुढे गेली म्हणून जोर लावला" एवढेच असेल, तर उत्तमच.

दुसरे, स्टेंटनंतर पुष्कळांना बीटा-ब्लॉकर गटातील औषध सुरू असते. या औषधामुळे व्यायाम करतानाही नाडी फारशी चढत नाही. मनगटावरच्या घड्याळात ११० पाहून "अजून बराच वाव आहे" असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. तो वाव नसतो, ते औषध असते. अशा वेळी घड्याळापेक्षा जीभ खरी. चढावर पूर्ण वाक्य न तोडता बोलता येत असेल तर वेग योग्य आहे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त आहे. नात सोबत असण्याचा इथे फायदाच आहे. तिला काहीतरी सांगत सांगत चढा आणि सांगणे तुटले की गियर उतरवा.

नातीबाबत एक काळजी घ्यावी. या वयाची मुले दमल्याचे हळूहळू दाखवत नाहीत. ती व्यवस्थित चालत असतात आणि एकदम बसतात, बहुतेक वेळा पोट रिकामे असते म्हणून. दर पाऊण तासाने, भूक नसली तरी, अर्धे केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे. मागे सरकवलेले हेल्मेट कपाळाला काही उपयोगाचे नाही. आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे.

माझ्या क्षेत्रातले एकच सांगतो. सायकलने गुडघ्यांवर भार कमी येतो हा जसा लाभ, तसाच हाडांवरही भार कमी येतो हा तोटा. केवळ सायकल चालवून उतारवयातील हाडे बळकट होत नाहीत. आठवड्यातून काही दिवस चालणे आणि थोडे वजन उचलणे हवेच. आजी सायकल चालवत असतील तर त्यांना हे दुप्पट लागू.

---

घाटमाथा | ३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

डॉक्टरसाहेब, औषध त्याच गटातले आहे आणि घड्याळातला आकडा पाहून मी नेमका तुम्ही सांगितलेला गैरसमज करून घेतला होता. उद्याच वेळ घेतो. उंबरठाताई, आपले लिहिणे सूनबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मी तर चौदा वेळा म्हटले असते."

---

पिवळी जर्सी | ४ नोव्हेंबर, रात्री १२.०५

शर्यतींचा वेडा असल्यामुळे मला हा धागा वाचताना रेमों पुलिदोरची आठवण होणे अपरिहार्य होते. फ्रान्सचा हा सायकलपटू १४ वेळा टूर द फ्रान्समध्ये उतरला, ८ वेळा पहिल्या तिघांत आला आणि तरीही आघाडीवीराची पिवळी जर्सी त्याला एका दिवसासाठीही मिळाली नाही. १९६४ साली झाक आंकतीलकडून तो अवघ्या ५५ सेकंदांनी हरला. फ्रान्सने मात्र जिंकणाऱ्यापेक्षा या हरणाऱ्यावर जास्त जीव लावला.

त्याच्या मुलीचे लग्न नेदरलँड्सच्या आद्री व्हान डर पूल या सायकलपटूशी झाले आणि त्यांचा मुलगा माथ्यू आज जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंपैकी एक आहे. पुलिदोर नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला. २७ जून २०२१ रोजी माथ्यू आपल्या पहिल्याच टूरच्या दुसऱ्या टप्प्यात म्यूर द ब्रतान्यच्या चढावर जिंकला, त्याने आकाशाकडे बोट केले आणि आजोबांना कधीही न मिळालेली ती जर्सी पुढे सहा दिवस अंगावर ठेवली. बोलताना त्याला रडू आवरत नव्हते. आणखी एक, जे लोक कमी सांगतात: मिलान–सान रेमो ही शर्यत आजोबांनी १९६१ मध्ये जिंकली होती, नातवाने २०२३ मध्ये.

हे सांगण्याचे कारण असे की, आजोबा नातवाला घाटात मागे टाकू शकत नव्हते हे उघड आहे, पण ते नातवाच्या शर्यतींना जाऊन कडेला उभे राहत. "सोबत" याचा अर्थ एकाच वेगाने चालणे असाच घ्यायला हवा का, हा माझा प्रश्न आहे.

---

माहेर सांगली | ४ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

मी वर्षातील चार-पाच महिने मुलाकडे नेदरलँड्समध्ये असते. वय ६४. सांगलीत लहानपणी भावाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, लंगडत लंगडत शिकले आणि लग्नानंतर तीस-पस्तीस वर्षे सायकलला हात लावला नव्हता. मला पुन्हा सायकलवर बसवले ते बारा वर्षांच्या नातवाने, म्हणजे आमच्याकडे उलटी गंगा आहे.

तिकडे शाळेत दहा ते बारा वर्षांच्या मुलांची वाहतुकीची परीक्षा होते, लेखी आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची सायकल चालवून दाखवण्याचीही. नातवाने ती दिली आणि घरी येऊन माझी घ्यायला सुरुवात केली. वाहतूक उजव्या बाजूने असते हे मला ठाऊक होते, पण उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांना, ज्यांना ते शार्कचे दात म्हणतात, तिथे आपण समोरच्या रस्त्यावरील वाहतुकीला वाट द्यायची, वळण्याआधी मागे मान वळवून पाहायचे आणि मगच हात काढायचा, हे सगळे त्याने मला गल्लीत अर्धा तास उभे करून शिकवले. पहिल्याच दिवशी मी सवयीने पेडल उलटे फिरवले आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली, कारण तिथल्या पुष्कळ साध्या सायकलींना उलट्या पेडलचाच ब्रेक असतो. मी पडले नाही, पण तो इतका हसला की तोच पडायचा राहिला.

आता आम्ही दोघे आकड्यांच्या वाटांवरून फिरतो. चौकाचौकांत क्रमांक लावलेले असतात आणि एका क्रमांकावरून दुसऱ्यावर बाण दाखवत नेतात. ही पद्धत बेल्जियममध्ये १९९५ साली एका खाण अभियंत्याच्या कल्पनेतून सुरू झाली. खाणीतल्या बोगद्यांना असत तसे क्रमांक त्याने सायकलवाटांना दिले. निघण्याआधी नातू कागदाच्या चिठ्ठीवर क्रमांक लिहितो आणि ती चिठ्ठी माझ्या हँडलला चिकटवतो. तो पुढे गेला तरी पुढच्या क्रमांकाच्या खांबाशी थांबतो. मी चुकू शकत नाही आणि तो हरवू शकत नाही. घाटमाथा, आपल्याकडे असे खांब नाहीत, पण घाटात वळणे आहेत, कमानी आहेत, मारुतीची देवळे आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. त्यांची यादी नातीच्या अक्षरात करून घ्या. आपण सांगितलेले थांबे मुले विसरतात. स्वतः लिहिलेले विसरत नाहीत.

---

दुसरा गियर | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४५

मी या धाग्यातील नातवंडांच्या बाजूचा आहे. वय १९. मला आजोबांनी सायकल शिकवली आणि आठवीत असताना मी त्यांना पहिल्यांदा मागे टाकले. त्या दिवसाबद्दल एक गोष्ट त्यांना मी अजून सांगितलेली नाही. चढावर मागे वळून पाहिले, ते दिसले नाहीत आणि मला जिंकल्याचा आनंद साधारण दहा सेकंद झाला. मग पोटात गोळा आला. तुमच्या नातीने "मुद्दाम हळू चालवता ना?" असे विचारले, त्यात मला तीच भीती ऐकू येते. तिला "हो" हे उत्तर हवे होते, असे मला वाटते. तिला खरे सांगा. औषधाबद्दलही सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळते.

आमच्याकडे मार्ग निघाला तो बॅटरीच्या सायकलचा. आजोबा आता ७६ वर्षांचे आहेत. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या सायकलला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. पेडल मारले तरच मोटर मदत करते, त्यामुळे व्यायाम होतो, फक्त चढ सपाट होतो. आता घाटात मी घामाघूम असतो आणि ते शेजारून चालवत मला जुन्या गोष्टी सांगत असतात.

---

जुना डायनमो | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

बॅटरीच्या सायकलला सायकल म्हणणे मला पटत नाही आणि पटणारही नाही. सायकलचा अर्थच असा आहे की जेवढा माणूस तेवढी गाडी. फ्रान्सच्या रोबेर मार्शां या गृहस्थांनी २०१४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, ट्रॅकवर एका तासात २६.९२७ किलोमीटर अंतर कापले आणि २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, २२.५४७ किलोमीटर. या दोन आकड्यांतला फरक पाहा. माणूस मंदावला, त्याने तो आकडा जगासमोर मांडला आणि लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मोटर लावली असती तर दोन्ही वर्षी आकडा सारखाच आला असता आणि त्याला काडीचाही अर्थ राहिला नसता. नातवंडांना आपले मंदावणे दिसू द्यावे. ते लपवण्यासाठी बॅटरी कशाला?

---

दुसरा गियर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

काका, मार्शां ट्रॅकवर होते, तिथे उतार नव्हता, ट्रक नव्हते आणि त्यांच्याबरोबर अकरा वर्षांचे मूल नव्हते. आकड्याचा अर्थ मलाही कळतो. पण आजोबांनी बॅटरी घेतली नसती तर आज ते घरी बसलेले असते आणि त्यांचे मंदावणे मी खाटेवर पाहत असतो. एवढेच म्हणतो आणि थांबतो.

---

डोणजे फाटा | ५ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

बॅटरीचा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा, ही विनंती. मी सिंहगड रस्त्याला राहतो आणि हा घाट महिन्यातून तीन-चार वेळा चढतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंतचा घाट साधारण आठ-नऊ किलोमीटरचा आहे. तुमच्या घरून तिथवर येण्यातच दमछाक होते, तेव्हा पहिल्या खेपेला दोन्ही सायकली गाडीत घालून पायथ्यापर्यंत आणा. यात कमीपणा काही नाही. शनिवार-रविवार पूर्ण टाळा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठनंतर चढणाऱ्या मोटारी, उतरणाऱ्या जीपगाड्या आणि वळणावर थांबून छायाचित्रे काढणारे लोक यांतून मुलाला नेणे शहाणपणाचे नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी उजाडता उजाडता सुरुवात करा. पावसाळ्यात दरडींची भीती असते, पण नोव्हेंबरचा काळ उत्तम आहे. चढाची तीव्रता एकसारखी नाही. मध्येच असे तुकडे येतात की उभे राहून पेडल मारावे लागते. तिथे उतरून चालण्याची लाज वाटू देऊ नका.

खरी काळजी उताराची आहे. चढताना चूक झाली तर माणूस थांबतो, उतरताना चूक झाली तर थांबता येत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत. दाबा, सोडा, दाबा, म्हणजे ते तापत नाहीत. वळणात बाहेरच्या बाजूचे पेडल खाली आणि त्यावर भार. नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपते तिथे हवी. वाकड्या हँडलवर वरच्या मुठींवरून लहान हातांना ब्रेकचा पुरेसा जोर मिळत नाही. तो खालच्या वाकातून मिळतो, पण तिथून पुढे वाकायला मुले घाबरतात. म्हणून पहिला सिंहगड तिच्या जुन्या, सरळ हँडलच्या सायकलवरच करावा असे माझे ठाम मत आहे. नवी सायकल आणि नवा घाट एकाच दिवशी नको. आणि माकडांसमोर केळे काढू नका.

जागेबद्दल एक. सपाट रस्त्यावर मूल पुढे आणि मोठा माणूस मागे, थोडा उजवीकडे, म्हणजे वाहतुकीच्या बाजूला. मागून येणाऱ्या गाडीला आधी मोठा माणूस दिसतो आणि ती वळसा घेऊन जाते. उतारावर मात्र हे उलटे करा: तुम्ही पुढे, ती मागे, निदान पाच-सहा सायकलींचे अंतर ठेवून आणि तुम्हाला ओलांडायचे नाही हा नियम ठरवून. चढाला तिचा वेग, उताराला तुमचा.

---

पंचगंगेकाठी | ५ नोव्हेंबर, दुपारी १.१०

डोणजे फाटा यांच्याशी सहमत. जाण्याआधी तिच्या सायकलचे ब्रेकचे रबर बदलून घ्या. २४ इंची सायकली घरात येतात तेव्हापासून त्यांचे रबर कोणी पाहत नाही.

---

घाटमाथा | २० नोव्हेंबर, रात्री ८.५०

उशीर झाला, पण सांगण्यासारखे काही हाती आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

ताण चाचणी झाली. घाबरण्यासारखे काही निघाले नाही, मात्र बोपदेवला लावला तसा जोर पुन्हा लावायचा नाही अशी तंबी मिळाली. नातीला बसवून औषधाचे सगळे सांगितले. तिने गोळीचे पाकीट हातात घेऊन नाव वाचले आणि विचारले, "म्हणजे हे तुमच्या हृदयाचे गियर आहे का?" डॉक्टरसाहेब, ही उपमा कितपत बरोबर आहे ते तुम्हीच ठरवा.

काल शाळेला सुट्टी होती आणि मधला वार होता, म्हणून आम्ही सिंहगडाला गेलो. मुलाने गाडीतून गोळेवाडीला सोडले. सायकल जुनीच, ब्रेकचे रबर नवे. थांब्यांची यादी मी आदल्या रात्री तिच्याकडून लिहून घेतली होती. घाट तिने सायकलवरून पाहिलेला नसल्याने तिने गाडीतून जातानाच्या आठवणीवर सात थांबे काढले. त्यातला "भजीवाला" एवढ्या सकाळी उघडा नव्हता आणि "मोठे झाड" दोन निघाली. पहिले तीन थांबे ठरल्याप्रमाणे पार पडले. ती पुढे जायची, थांबायची, पाणी प्यायची आणि मी दिसलो की हात वर करायची. मी बोलत चढायचे हा नियम पाळण्यासाठी तिच्या मागे एकटाच पाढे म्हणत होतो. एकोणतीसच्या पाढ्याला श्वास तुटला, तेव्हा उतरून चाललो.

"मोठे झाड" आले तेव्हा ती दुसऱ्या झाडाशी थांबली होती आणि मी पहिल्याशी. मला ती दिसेना, तिला मी दिसेना. दोनेक मिनिटे असतील, पण त्या दोन मिनिटांत सूनबाईंचे वाक्य मला शब्दन् शब्द आठवले. पुढच्या वळणावर ती सायकल कडेला लावून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. "तुमचे झाड चुकले," ती म्हणाली.

आम्ही माथ्यापर्यंत गेलो नाही. अंदाजे दोन-अडीच किलोमीटर राहिले असताना खालून गाड्यांचा ओघ सुरू झाला आणि परत फिरण्याची जी वेळ घरी ठरली होती ती झाली. ती रुसली. अर्धा राजगिऱ्याचा लाडू खाईपर्यंत बोलली नाही. उताराला मी पुढे होतो आणि मागे तिचे ब्रेक दाबा-सोड, दाबा-सोड वाजत होते. तो आवाज बंद झाला की मी वेग कमी करत होतो. तिने मला ओलांडले नाही. रोड बाइकचा निर्णय ती १५० सेंटिमीटर होईपर्यंत पुढे ढकलला आहे आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण केली आहे.

---

उंबरठा | २० नोव्हेंबर, रात्री ९.२०

वाचून बरे वाटले. सूनबाई काय म्हणाल्या?

---

घाटमाथा | २० नोव्हेंबर, रात्री ९.४०

विशेष काही म्हणाल्या नाहीत. आम्ही परत आल्यावर त्यांनी दोन्ही सायकलींचे मागचे लाल दिवे लावून पाहिले. नातीचा लागला, माझा लागला नाही. आज सेल आणून घातले.